बॅच खाली गेली आणि बोलणेही बंद झाले

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी लातूरला अकरावी सायन्सला आहे. आमचे गाव जिंतूर तालुक्यात आहे. दहावीला मला ९५.४० टक्के पडले आणि मी शाळेत पहिली आले. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आता नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासमध्ये दर आठवड्याला ७२० गुणांची टेस्ट असते. सगळ्यांसारखा मीही जवळजवळ पूर्ण पेपर सोडवते, म्हणजे १७० प्रश्न तरी होतात, पण मागच्या टेस्टला २८० पडले आणि त्याच्या पुढे मी जातच नाही. दिवाळीनंतर मला खालच्या बॅचमध्ये टाकले. रँकची यादी बोर्डावर लावतात आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकतात. पप्पांकडे साधा फोन आहे, त्यामुळे त्यांना ती दिसत नाही. मी त्यांना ४५० पडले असे सांगते. फीसाठी घरच्यांनी उसनवारी केली आहे. माझ्या दोन्ही रूम पार्टनर वरच्या बॅचमध्ये आहेत. मी त्यांच्याबरोबर मेसला जाणे बंद केले, डबा रूमवर आणून जेवते. इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून वर्गात डाउट विचारत नाही. गावाकडची जिवलग मैत्रीण आर्ट्सला आहे, तिच्या मेसेजला काय उत्तर द्यावे तेच कळत नाही. रात्री एकपर्यंत बसते, सकाळी सहाला उठते. सर म्हणतात, दोन वर्षे मैत्री वगैरे विसरा. मी मैत्रिणी सोडून फक्त अभ्यासच करावा का? कधी कधी वाटते, कुठेतरी निघून जावे. माझ्याने होईल का?

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मी सर्वांत आधी घेतो. ‘कुठेतरी निघून जावे’ असे तू लिहिले आहेस. त्याचा अर्थ गावी परत जावे असा असेल, तर त्याविषयी आपण पुढे बोलू. परंतु जगणेच नकोसे वाटते असा त्याचा अर्थ असेल, किंवा एखाद्या रात्री तसा होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती दिवसरात्र चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत आणि तेथे मराठीत बोलता येते. त्याच वेळी खोलीतील मुलींपैकी एकीला उठवून ‘मला आत्ता एकटे राहायचे नाही’ एवढे सांग. रँक कितवी आहे, हे त्या वेळी कोणीही विचारत नाही. झोप न लागणे, जेवण न जाणे, कारण नसताना रडू येणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तुमच्याच शहरातील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या मानसोपचार विभागात घरच्या कोणाला बरोबर घेऊन जा. ताप आल्यावर दवाखान्यात जाताना आपण लाजत नाही; येथेही लाजण्याचे काही कारण नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. मैत्रिणी सोडून फक्त अभ्यास करावा का, असे तू विचारतेस. माझे स्पष्ट मत असे आहे की तू मैत्रिणी आधीच सोडल्या आहेस आणि त्याने तुझा अभ्यास सुधारलेला नाही. तुझे सर तळमळीने बोलत असतील, पण त्यांचा सल्ला अर्धवट आहे. सोबत ही अभ्यास संपल्यावर मिळणारी चैन आहे असे ते गृहीत धरतात. नीटसारख्या दोन वर्षांच्या लांब अभ्यासात सोबत हा अभ्यासाचाच एक भाग असतो. हे मी केवळ तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. तू दिलेल्या आकड्यांतूनच ते कसे दिसते, ते सांगतो.

तू १७० प्रश्न सोडवले आणि २८० गुण मिळाले. नीटमध्ये १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. या हिशेबाने तुझी ९० उत्तरे बरोबर आली आणि ८० चुकली: ३६० मधून ८० गेले, २८० उरले. तुला वाटते आहे की तुला ७२० पैकी २८० इतकेच येते, म्हणजे आपण ‘ढ’ आहोत. कागद मात्र वेगळे सांगतो. तुला ९० प्रश्न येतात, आणि उरलेल्यांपैकी ८० प्रश्नांत तू पूर्ण खात्री नसताना गोळा काळा केलास, कारण आजूबाजूच्या सगळ्यांचा पेपर पूर्ण होत होता. त्या ८० पैकी जे ४० निव्वळ अंदाजाने मारले, ते नुसते सोडून दिले असते तरी तुला ३२० पडले असते. एक अक्षर जास्त न वाचता ४० गुण वाढले असते. ही चूक अभ्यासाची नाही. ती इतरांकडे पाहून घाबरण्याची आहे, आणि तिच्यावरचा उपाय खोलीचे दार लावून रात्री एकपर्यंत बसण्यात सापडणार नाही.

म्हणून पुढच्या टेस्टनंतर एकूण गुण पाहण्यापूर्वी उत्तरसूची (आन्सर की) घेऊन बस आणि चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग कर: जे येत होते पण घाईत चुकले, जे अर्धे येत होते, आणि जे अजिबात येत नव्हते तरी मारले. तिसऱ्या ढिगाचे काम सोपे आहे. पुढच्या पेपरात ते प्रश्न सोडायचे. पहिल्याचे काम शांतपणे वाचण्याचे आहे. खरा अभ्यास मधल्या ढिगात आहे, आणि तो एकटीने करण्यासारखा नाही. अर्धवट समजलेली गोष्ट आपल्यालाच समजावून सांगताना आपण स्वतःला सहज फसवतो. समोर कोणी ‘पण असे का?’ विचारणारी बसली असेल, तर ते जमत नाही.

यामागे चांगले संशोधनही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तू रात्री अकरा ते एक जे करतेस ते बहुधा पुन्हा वाचणे असणार, कारण थकलेल्या डोळ्यांना तेवढेच जमते. त्याने त्या क्षणी ‘झाले’ असे वाटते आणि रविवारी काहीच आठवत नाही. त्या दोन तासांऐवजी संध्याकाळी अर्धा तास कोणाच्या तरी समोर तोंडी आठवून सांग, आणि रात्री झोप. तुझ्या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते असे झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. तू पाच तास झोपतेस. क्लासच्या वेळापत्रकात आठ तास बसणे अवघड आहे हे मला माहीत आहे, पण अकराला दिवा बंद केलास तर सात तरी मिळतील, आणि हा बदल करण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

आता ही ‘समोरची’ आणायची कोठून? येथे तू एका गोष्टीकडे पाहिलेले नाहीस. नव्या बॅचमध्ये तुझ्या शेजारच्या बाकावर ज्या मुली बसतात, त्यांच्यापैकी बहुतेक तुझ्यासारख्याच आहेत: कोणी अहमदपूरची, कोणी मुखेडची, कोणी गंगाखेडची, आपापल्या शाळेत पहिली आलेली, आणि आता आपल्यालाच काही येत नाही असे समजून मान खाली घालून बसलेली. ऑस्ट्रेलियातील हर्बर्ट मार्श या अभ्यासकाने १९८० च्या दशकात नेमके हेच मांडले होते. सारखीच कुवत असलेली दोन मुले घ्यावीत, एकाला साधारण शाळेत आणि दुसऱ्याला निवडक हुशार मुलांच्या शाळेत घालावे, तर दुसऱ्याचे स्वतःविषयीचे मत खाली घसरते. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला की तोच स्वतःला लहान वाटू लागतो, असे त्याने त्याचे वर्णन केले. माशाची लांबी मात्र तेवढीच असते. तुझ्या शाळेत दहावीला साठ-सत्तर मुले असतील आणि त्यांत तू पहिली होतीस. तुझ्या क्लासमध्ये अशा साठ-सत्तर शाळांतील पहिले आलेले बसले आहेत. त्यांच्यातही कोणाला तरी खालच्या बॅचमध्ये बसावे लागणारच, कारण बॅच पाडण्याची पद्धतच तशी आहे.

दहावीचे ९५.४० टक्के खोटे होते असेही मनात आणू नकोस. तो वेगळ्या पद्धतीचा निकाल होता. त्यात प्रत्येक विषयाचे २० गुण शाळेकडचे होते, सहापैकी उत्तम पाच विषय धरले होते, चुकीच्या उत्तराला काही वजा होत नव्हते आणि पेपर तुझ्या भाषेत होता. त्या परीक्षेने तुझे परिश्रम आणि नेटकेपणा मोजला, आणि तो बरोबरच मोजला. नीटची परीक्षा वेगळे काही मोजते. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘मी कोसळले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे किलोमीटर आणि किलोग्रॅम यांची वजाबाकी करणे आहे.

तर शेजारच्या बाकावरील एका मुलीला, फक्त एकीला, टेस्टनंतर विचार: ‘तुझे फिजिक्सचे चुकलेले तीन मला सांगतेस का? मी माझे बायोचे तीन तुला सांगते.’ मराठीतच विचार. ‘मैत्रीण होशील का’ असे कोणी कोणाला विचारत नाही आणि विचारले तर दोघींनाही अवघडल्यासारखे होते. डाउट मात्र कोणालाही विचारता येतो. मदत मागितल्याने आपण लहान ठरू असे तुला वाटत असेल. पण ज्या मुलीला गेले दोन महिने कोणी काही विचारलेले नाही, तिला ‘मला हे सांगशील का’ हा प्रश्न किती बरा वाटेल, याचा विचार कर.

पहिल्या बोलण्यानंतर तू खोलीवर येऊन ‘ती काय म्हणत असेल, मी किती वेड्यासारखी बोलले’ असे घोळवत बसशील. तुझ्यासारख्या मनाच्या मुली हमखास बसतात. त्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना दोघादोघांत बोलायला बसवून नंतर प्रत्येकाला विचारले, की तुम्हाला समोरचा किती आवडला आणि त्याला तुम्ही किती आवडलात असे वाटते. बहुतेकांनी आपण समोरच्याला जितके आवडलो त्याहून कमी आवडलो असा अंदाज केला. म्हणजे बोलणे संपल्यावर मनात येणारा तो निकाल सहसा खऱ्याहून कडक असतो. तो निकाल येऊ दे आणि दुसऱ्या दिवशी तरीही तिच्या शेजारी बस.

इंग्रजीचे म्हणशील, तर ही अडचण खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. मराठी माध्यमातील मूल अकरावीत येते तेव्हा नवा विषय आणि नवी भाषा अशी दोन ओझी एकाच वेळी उचलते, आणि शिकवणाऱ्यांना बऱ्याचदा त्यांतले एकच दिसते. तुला पेशी, तंतुकणिका, परासरण, प्रकाशसंश्लेषण हे सारे चांगले येते. दहावीपर्यंत तू ते शिकली आहेस. मायटोकॉन्ड्रिया आणि ऑस्मॉसिस ही त्यांचीच नावे आहेत हे पेपरातील दहा सेकंदांत ओळखणे तेवढे जमत नाही. एका दोनशे पानी वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे आपला शब्द आणि खाली एक ओळ, असे रोज दहा शब्द लिही. नीटचा पेपर तेरा भाषांत निघतो, त्यांत मराठी आहे, आणि मराठी निवडली तर प्रश्न इंग्रजीतही छापलेले असतात. मराठी घ्यावी की नाही हे फॉर्म भरताना ठरव, कारण क्लासच्या टेस्ट आणि एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजीत असल्याने सवयीचा प्रश्न येतो. पण असा पर्याय आहे हे तुला कोणी सांगितले नसेल, म्हणून सांगितले. आणि वर्गात हात वर करून विचारणे जमत नसेल, तर तास संपल्यावर सरांकडे वही घेऊन जा आणि मराठीत विचार. लातूरमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्याला मराठी समजत नाही असे होणे कठीण आहे.

रूम पार्टनर मुलींविषयी तू फार थोडे लिहिले आहेस. त्या तुला काही बोलल्या, टोमणा मारला, असे पत्रात कोठेही नाही. त्या वरच्या बॅचमध्ये आहेत एवढ्यावरूनच तू मेसला जाणे बंद केलेस. तुझी लाज मला समजते. पण त्यांच्या बाजूनेही एकदा पाहा: बरोबर जेवणारी मुलगी एके दिवशी काही न सांगता डबा खोलीत आणू लागली. त्यांना वाटले असेल, हिला आपला राग आला आहे, किंवा हिला आता आपण नको आहोत. उद्या दुपारी काहीही खुलासा न करता त्यांच्याबरोबर मेसला जा. खुलासा करावाच लागला तर ‘बॅच बदलली तेव्हा मला फार लागले होते, म्हणून येत नव्हते’ एवढे पुरे. दोन ओळखीच्या माणसांची साधी मैत्री व्हायला साधारण पन्नास तासांचा सहवास लागतो, असे जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाला आढळले, आणि जिवलग मैत्रीला दोनशेहून अधिक. हे आकडे प्रत्येकीला लागू पडतील असे नाही, पण हिशेब उपयोगी आहे. दोन वेळच्या जेवणाची पंचवीस-पंचवीस मिनिटे धरली तर पन्नास तास दोन महिन्यांत पूर्ण होतात. त्यासाठी अभ्यासाचा एक मिनिटही द्यावा लागत नाही, कारण जेवायचे तर आहेच.

जेवताना टेस्टविषयी बोलायचे नाही, असा नियम तुम्ही तिघींनी केलात तर फार चांगले. मेसच्या वरणाविषयी बोला.

गावाकडच्या मैत्रिणीला तू उत्तर देत नाहीस, कारण तिला सांगण्यासारखे ‘चांगले’ काही तुझ्याकडे नाही असे तुला वाटते. ती तुझ्या गुणांची बातमी मागते आहे, असे तू का धरलेस? बालपणापासून बरोबर असलेल्या मुलीला तुझी रँक माहीत नाही आणि तिला ती नकोही आहे. क्लासमध्ये शिरल्यापासून तुला जो आकडा चिकटला, त्याच्या आधीची तू तिला ठाऊक आहेस. अशी एक व्यक्ती जवळ असणे हे या दोन वर्षांत फार मोलाचे आहे. तिला आज एक मिनिटाचा आवाजी मेसेज पाठव: ‘अगं, इतके दिवस बोलले नाही, मन ठिकाणावर नव्हतं. तुझं कॉलेज कसं चाललंय ते सांग.’ शेवटचे वाक्य विसरू नकोस. तिच्याही कॉलेजात काही चालले असेल, तिलाही काही सांगायचे असेल, आणि आर्ट्सला आहे म्हणून तिच्यावर ताण नाही असे समजण्याची चूक सायन्सची मुले फार करतात.

सर्वांत जड गोष्ट पप्पांची आहे. ४५० चा खोटा आकडा तू त्यांना दुखवायचे नाही म्हणून सांगितलास. पण तो आकडा आता दर आठवड्याला तुलाच सांभाळावा लागतो. पुढच्या वेळी ४६० सांगावे लागतील, मग ४८०, आणि एके दिवशी गावातील कोणाच्या तरी स्मार्टफोनवर ती यादी त्यांना दिसेल. तुझ्या तोंडून कळणे आणि यादीतून कळणे यांत तुमच्या नात्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. शक्य असेल तर हे फोनवर सांगू नकोस; पुढच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा, नाहीतर ते फी भरायला किंवा तुला भेटायला येतील तेव्हा सांग. आधी आईला सांगितलेस तरी चालेल, आया अशा वेळी बरेच काम हलके करतात. शब्द साधे ठेव: ‘पप्पा, मी तुम्हाला ४५० सांगत होते, ते खरं नव्हतं. मला २८० पडतात. तुम्ही पैसे उसने आणलेत म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. कुठं चुकतंय ते मला आता कळलंय, आणि ते मी असं असं करणार आहे.’ त्यासाठी ते तीन ढीग आधी करून ठेव आणि वही त्यांच्यापुढे उघड. त्यांना रेणू आणि गुणसूत्रे कळणार नाहीत, पण ८० चुकीच्या उत्तरांनी ८० गुण कापले जातात हा हिशेब बाजार समितीत माल घालणाऱ्या माणसाला एका मिनिटात कळतो. ते रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तो राग आकड्यापेक्षा खोटे बोलल्याचा असेल, आणि तो ओसरतो.

हे सदर पालकही वाचतात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी लिहितो. मुलांना फोन केल्यावर पहिला प्रश्न ‘किती पडले?’ हा असेल, तर मुले उत्तर तयार ठेवायला शिकतात, खरे सांगायला शिकत नाहीत. ‘आज कोणाबरोबर जेवलीस?’ असे विचारून पाहावे. उत्तर ‘एकटीच’ असे तीन-चार वेळा आले, तर एसटी पकडून भेटायला जावे. दुसरी गोष्ट क्लासच्या यादीची. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्लासने घेतलेल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, ते गोपनीय ठेवून मुलांच्या प्रगतीसाठी वापरावेत, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या निकालात क्लाससह सर्व शैक्षणिक संस्थांना बजावले, की शक्यतो मुलांच्या गुणांवरून बॅचेस पाडू नयेत आणि त्यांना चारचौघांत लाजिरवाणे करू नये. बोर्डावर यादी लावणे आणि ती ग्रुपवर टाकणे यांत काही गैर आहे असे क्लासचालकांना वाटतच नसेल, तर चार-पाच पालकांनी एकत्र जाऊन या सूचनांची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी. हे काम सोळा वर्षांच्या मुलीचे नाही.

माझा राग येथे थोडा दिसत असेल, तर दिसू द्यावा. लातूर पॅटर्न नावारूपाला आला तो राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतील शिक्षकांनी पाण्याची आणि पैशाची टंचाई असलेल्या भागातील मुलांकडून कसून सराव करून घेतला म्हणून. सराव परीक्षा हे त्यातील मोठे साधन होते: पेपर द्यायचा, चूक शोधायची, पुन्हा द्यायचा. टेस्ट ही चूक सापडण्यासाठी होती. ट्यूशन एरियातल्या फलकांवर फोटो लावण्यासाठी जेव्हा टेस्ट घेतली जाऊ लागली, तेव्हा तिचे काम बदलले. खुद्द राज्य मंडळाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली, ती मुलांवरील ताण ओळखूनच. आणि क्लासेसनी तीच यादी आता दर आठवड्याला सुरू केली आहे. टेस्टकडे तू तिच्या जुन्या अर्थाने पाहावेस, एवढे तुझ्या हातात आहे. बोर्डापुढून जाताना थांबू नकोस. आपला पेपर हातात आल्यावर थांब.

‘माझ्याने होईल का’ याचे उत्तर मी देऊ शकत नाही, आणि जो अकरावीत ते छातीठोकपणे देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे मन लावून अभ्यास केलेल्या मुलांतीलही बहुतेकांना ती जागा मिळत नाही, आणि त्यांतील बहुतेक पुढे चांगले आयुष्य जगतात, काही जण आरोग्य क्षेत्रातच. हा निर्णय आज घेण्याची गरज नाही. बारावीचे अर्धे वर्ष संपेल तोवर तुझ्या तीन ढिगांचा आकार काय झाला ते पाहू. मधला ढीग कमी होत असेल तर वाट बरोबर आहे, मग रँक काहीही असो. गावी परतून तालुक्याच्या कॉलेजातून बारावी करावी असे त्या वेळी वाटले, तर तोही एक रस्ता आहे, पळून जाणे नव्हे. फक्त तो पप्पांशी बोलून घ्यायचा, खोलीत एकटीने रडून नाही.

त्या दरम्यान एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटाचा फॉर्म निघेल तेव्हा तो मात्र भर. त्यातून बी.फार्मसी आणि कृषी पदवीचे प्रवेश होतात, अभ्यास बराचसा तोच आहे, अकरावीचा भाग त्यात २० टक्के असतो, आणि त्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न सोडायचा नाही. नीटमध्ये सोडायला शिकायचे आणि सीईटीत सगळे मारायचे, हा फरक शेजारच्या बाकावरच्या मुलीलाही सांग. तिला तो माहीत नसण्याची शक्यता आहे.